जुन्या बिल्ड फायलींची देखभाल
मुक्तस्रोत प्रणालीच्या सोर्स कोडपासून भिन्न भिन्न संगणकांवर चालणारा प्रोग्राम सिद्ध करण्याचे निर्देश ज्यांत ग्रथित असतात, त्या मेकफाइल, कॉन्फिगर इत्यादी फायलींची वेळोवेळी दुरुस्ती. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ साली मेकफाइल वाचून तीतील निर्देश अमलात आणणारे ‘मेक’ रचले. १९९१ मध्ये कॉन्फिगर फाइल निर्माण करणारे ‘ऑटोकॉन्फ’ आले. कॉन्फिगरसाठी यंत्राचा प्रकार ओळखणारी ‘कॉन्फिग.गेस’ ही स्क्रिप्ट जुनीच राहिली, तर ६४-बिट एआरएम वा रिस्क-व्ही यांसारख्या तिच्यानंतर अवतरलेल्या यंत्रांवर, मूळ कोड निर्दोष असूनही, बिल्ड आरंभीच अडते. म्हणून ती अद्ययावत ठेवणे हे देखभालीचे आद्य, आणि दुर्दैवाने उपेक्षित, कर्तव्य होय. या फायलींतील जुने कलम रद्द करण्यापूर्वी ते कोणत्या यंत्रासाठी घातले होते याची तपासणी अत्यावश्यक. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसी या विशाल कंपायलरचे कॉन्फिगरेशन व बिल्ड कार्यशाळांतून शिकविले.