क्रांतीचा इतिहास आणि सुटीच्या गोष्टी



कामगाराने काय वाचावे, हा प्रश्न आम्हांस गेली तीस वर्षे गेटसभेत, चाळीत आणि क्वचित अशा सुविद्य सभेतही विचारला जातो. विचारणारा बहुधा उत्तर बरोबर घेऊनच आलेला असतो. एक पक्ष म्हणतो, कामगाराने क्रांत्यांचे इतिहास वाचावेत, अर्थशास्त्र वाचावे. बाकी सारी चैन. दुसरा पक्ष म्हणतो, दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या हाती असले ठोकळे कशाला देता? त्याला चार घटका करमणूक द्या. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या पुस्तकांच्या कपाटापुढे जास्त झाले. त्या कपाटाच्या अनुभवावरून आम्ही सांगतो की, हे दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत. क्रांतीचा इतिहास आणि मुलांच्या सुटीतल्या गोष्टी एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवाव्यात, असे आमचे म्हणणे आहे. ही तडजोड नव्हे. इतिहासच तसे सांगतो.

सुटीची गोष्ट लिहायला आणि वाचायला आधी सुटी असावी लागते. ती आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. १८८० पासून ते मुंबईत 'दीनबंधु' पत्र चालवीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. यावर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी सरकारी कागदावर आली.

आता विचार करा. रविवारी सकाळी एखादा बाप पोराला मांडीवर घेऊन गोष्टीचे पुस्तक उघडतो, तेव्हा त्या पुस्तकाच्या आधीचे एक न छापलेले पान असते. त्या पानावर साडेपाच हजार सह्या आहेत. त्यांतल्या कितीतरी सह्या म्हणजे नुसते अंगठे असतील. ते पान ज्याला ठाऊक नाही, त्याला गोष्ट गोड लागेल, पण सुटी कोणी काढून घेऊ लागला तर समजणारही नाही. आणि ज्याने फक्त तेच पान वाचले, गोष्ट कधी वाचली नाही, तो लढा कशासाठी होता हेच विसरेल.

असो. आता फळीवरची पुस्तके सांगतो.

पहिले, जॉन रीड या अमेरिकन पत्रकाराचे १९१९ साली निघालेले 'जगाला हादरविणारे दहा दिवस'. १९१७ च्या नोव्हेंबरात हा गृहस्थ पेट्रोग्राडच्या रस्त्यांत, सभागृहांत, शिपायांच्या बराकींत हिंडत होता. क्रांती म्हणजे काही दैवी चमत्कार नव्हे. ती ठराव, दुरुस्त्या, जागरणे, भांडणे आणि थंडीत उभे राहून ऐकलेली भाषणे यांची बनलेली असते, हे या पुस्तकातून कळते. ज्याने संपसमितीची एक तरी बैठक पाहिली आहे, त्याला ते ओळखीचे वाटेल. पण हे पुस्तक एकटे वाचू नये. त्याच्या शेजारी व्हिक्टर सर्ज यांच्या आठवणी ठेवाव्यात. सर्ज क्रांतीच्या बाजूने लढले, आणि पुढे त्याच राजवटीने १९३३ साली त्यांना पकडून ओरेनबर्गला हद्दपार केले. दहा दिवसांत काय मिळाले ते रीड सांगतो. पुढच्या वर्षांत काय हरवले ते सर्ज सांगतात. एकच पुस्तक वाचणारा भक्त होतो आणि दोन वाचणारा विचार करू लागतो.

आपल्या भाषेतले म्हणाल, तर गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० सालचे पुस्तक प्रत्येक वाचनालयात असलेच पाहिजे. तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, त्याची ही हकीकत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे 'लग्नगडी' होत, ही गोष्ट मुंबईपासून किती थोड्या कोसांवर घडत होती, हे वाचून माणूस सुन्न होतो. याच फळीवर अण्णा भाऊ साठ्यांची १९५९ ची 'फकिरा' कादंबरी हवी. शाळेचे तोंडही धड न पाहिलेल्या माणसाने ती लिहिली आहे, हे आमच्यासारख्यांना फार धीर देणारे आहे.

आता सी. एल. आर. जेम्स. हे १९०१ साली वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर जन्मले. १९३८ साली त्यांनी 'काळे जॅकोबिन' हा ग्रंथ लिहिला. सां दोमिंग या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ च्या ऑगस्टात बंड केले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राज्य उभे केले, त्याचा हा इतिहास. त्यांचा पुढारी तुसाँ लूव्हेर्त्यूर जन्माने गुलाम, पण वाचणारा. नेपोलियनच्या सैन्याने १८०२ साली त्याला दगाफटक्याने पकडले आणि १८०३ च्या एप्रिलात फ्रान्सच्या थंड डोंगरी किल्ल्यात तो मेला. जेम्स त्याची थोरवी गातात, पण त्याची चूकही दाखवितात: आपण काय करतो आहोत व का, हे आपल्याच माणसांना समजावून सांगणे त्याने सोडले. हा भाग आम्ही नव्या कार्यकर्त्यांस नेहमी वाचावयास देतो. वाटाघाटीच्या खोलीत बसलेल्या पुढाऱ्याने बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसांशी बोलणे थांबविले, की पराभव तिथेच सुरू होतो.

याच जेम्सनी १९६३ साली 'सीमारेषेपलीकडे' हे पुस्तक लिहिले. ते कशावर? क्रिकेटवर! लहानपणी घराच्या खिडकीशी खुर्चीवर उभे राहून समोरच्या मैदानावरचा खेळ पाहणारा मुलगा त्यात आहे, आणि वेस्ट इंडीजच्या संघाचे कर्णधारपद काळ्या माणसाला मिळावे म्हणून झालेली चळवळही आहे. फ्रँक वॉरेल १९६०-६१ च्या दौऱ्यात कर्णधार झाले, त्यामागे जेम्सच्या लेखणीचा जोर होता. गुलामांच्या बंडाचा इतिहासकार मैदानावरच्या फटक्याविषयी तितक्याच आस्थेने लिहितो. खेळ म्हणजे फावल्या वेळचा चाळा नव्हे, माणसाचे माणूसपण तिथेही दिसते, असे त्यांना वाटे.

दुसरे असे नाव आर्थर रॅन्समचे. हा इंग्रज लेखक लोककथा गोळा करावयास १९१३ साली रशियात गेला. त्या कथांचे पुस्तक १९१६ साली निघाले. मग क्रांती झाली आणि हा गोष्टीवेल्हाळ माणूस वार्ताहर बनला. १९१९ साली त्याने 'रशियातील सहा आठवडे' हे छोटे पुस्तक लिहिले. उपाशी, कुडकुडणारी शहरे आणि लेनिनशी झालेले बोलणे त्यात आहे. ट्रॉट्स्कीच्या कचेरीत चिटणीस असलेल्या येवगेनियाशी त्याने १९२४ साली लग्न केले. तो ब्रिटिश हेरखात्यालाही माहिती देत असे, हे पुढे सरकारी दप्तरे खुली झाल्यावर कळले. तेव्हा त्याची साक्ष तपासूनच घ्यावी. याच माणसाने १९३० साली 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' ही मुलांची कादंबरी लिहिली. चार भावंडे, एक शिडाची होडी, सरोवरातले एक बेट आणि उन्हाळ्याची सुटी, एवढाच ऐवज. मुले स्वतः तंबू ठोकतात, चूल पेटवितात, वाऱ्याचा अंदाज घेतात, दुसऱ्या होडीतल्या मुलींशी लुटुपुटीची लढाई करतात आणि तह करतात. मोठ्या माणसांनी त्यांच्यावर विश्वास टाकला आहे, हा त्या पुस्तकाचा खरा आनंद. आमच्या मते ही मुलांच्या स्वराज्याची गोष्ट आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ही सुखवस्तू घरची मुले. आक्षेप रास्त आहे. १९३० साली बहुसंख्य ब्रिटिश कामगारांना पगारी रजा नव्हतीच. फ्रान्समध्ये कामगारांनी कारखाने व्यापून बसण्याचे प्रचंड संप केले, तेव्हा १९३६ च्या जूनमध्ये दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. सवलतीची रेल्वे तिकिटे निघाली आणि कितीतरी कुटुंबांनी समुद्र प्रथमच पाहिला. ब्रिटनमध्ये तसा कायदा १९३८ साली झाला, तोही आठवड्याभराचाच. आपल्याकडे पगारी रजा १९४५ च्या दुरुस्तीने आली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ती पक्की केली: वीस दिवस कामाला एक दिवस रजा. म्हणून रॅन्समशेजारी ईव्ह गार्नेट बाईंचे १९३७ चे पुस्तक ठेवावे. त्यात बाप केरकचरा उचलणारा, आई लोकांचे कपडे धुणारी आणि घरात सात मुले. त्यांच्या वाट्याला बेट येत नाही. दिवसभराची सहल येते, आणि तीच केवढी मोठी असते!

मराठी मुलाला मात्र आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश फेणे सायकलवर टांग मारून संकटात शिरतो आणि डोक्याने बाहेर येतो. धैर्याला दंड लागत नाहीत, हे मुलाला न सांगता कळते.

आमच्या ओळखीच्या एका वाचनालयात मुलांची पुस्तके घेऊ नयेत, असा ठराव एकदा आला होता. पैसे थोडे, तेव्हा आधी विचाराची पुस्तके घ्यावीत, असे मांडणाऱ्याचे म्हणणे. एक कामगार बाई उठून म्हणाल्या, "दादा, आठ तासांचा लढा जिंकला म्हणता, मग उरलेल्या वेळात पोरांना वाचून काय दाखवू? मागण्यांची यादी?" ठराव बारगळला. त्या बाईंनी दोन वाक्यांत जे सांगितले, त्यासाठी आम्हांस एवढे लांब भाषण करावे लागत आहे.

पण वाचायला वेळ आहे कुठे, आणि यांतली निम्मी पुस्तके तर इंग्रजी, असे आपण म्हणाल. याचे उत्तर क्युबाच्या विडी-चिरूट कामगारांनी देऊन ठेवले आहे. १८६५ साली हवाना शहरात चिरूट वळणाऱ्यांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वाचक नेमला. हात तंबाखूत आणि कान पुस्तकात! वर्तमानपत्रे, इतिहास, कादंबऱ्या असे सारे वाचले जाई, आणि काय वाचावे हे कामगार ठरवीत. राज्यकर्त्यांना ही गोष्ट इतकी धोक्याची वाटली की, १८६६ साली त्यांनी त्यावर बंदी घातली. पण प्रथा मेली नाही. ड्यूमाच्या कादंबरीवर ते कामगार इतके लुब्ध की, 'माँटेक्रिस्टो' हे नाव एका चिरूटालाच मिळाले. आपल्याकडेही आठवड्यातून एक संध्याकाळ, एक जाणता, एक पुस्तक आणि भोवती वीस माणसे, एवढे जमण्यासारखे आहे. इंग्रजी असेल तर त्याने वाचून मराठीत सांगावे. ज्ञानेश्वरी आणि पोथ्या ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना श्रवणाची सवय नव्याने लावावी लागत नाही.

हे सारे आजच का सांगावयाचे? कारण रविवार पुन्हा निसटतो आहे. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचविणाऱ्या तरुणाला रविवार हा सर्वांत जास्त धावपळीचा दिवस असतो. त्याला कामगार म्हणतच नाहीत, 'भागीदार' म्हणतात, मग पगारी रजेचा प्रश्न कोणी काढावा? आपण घरी सुटी घालवीत असता तो दाराशी येतो, पुडके देतो आणि जातो. त्याच्या घरीही एखादे पोर असेल आणि त्यालाही गोष्ट हवी असेल.

म्हणून आमची शिफारस एवढीच. या उन्हाळ्यात वाचनालयातून दोन पुस्तके एकदम न्या. एक क्रांतीच्या इतिहासाचे, ते स्वतःसाठी. एक सुटीच्या गोष्टींचे, ते घरातल्या मुलासाठी. महिन्याअखेर पुस्तके बदला: इतिहास मुलाला सोप्या शब्दांत सांगा आणि गोष्ट आपण वाचा. आणि पुढच्या वेळी तो तरुण दाराशी आला, तर त्याला पाणी द्या, त्याची सुटी कोणत्या वारी असते ते विचारा. लोखंड्यांनीही आरंभ याच प्रश्नापासून केला होता.