‘झोंबी’: देसायांच्या दारी गेलेली आई



घरातल्याच माणसाचा मार खात वाढणारे कुमारवयीन मूल मराठी कादंबरीत कुठे भेटते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. कुमारसाहित्याच्या कपाटात शोधले तर हाती फारसे लागत नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर संकटे येतात ती बाहेरच्या चोरभामट्यांकडून. ‘श्यामची आई’मध्ये पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते, पण त्या माराची आठवण साने गुरुजी कृतज्ञतेने सांगतात. त्या आईच्या मायेविषयी कुणाला शंका नाही. मात्र ते पुस्तक वाचून वाढलेल्या आपल्या घरांनी एक सोयीचा अर्थ काढला: घरातला मार म्हणजे माया.

‘श्यामची आई’ 1935 साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी, 30 नोव्हेंबरला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलला आनंद यादव यांचा जन्म झाला. त्यांची ‘झोंबी’ 1987 मध्ये आली, तिला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना लाभली आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही आत्मचरित्रात्मक कादंबरी मोठ्यांसाठी लिहिलेली आहे, पण तिच्या मध्यभागी एक शाळकरी पोर उभे आहे. आपण शोधतो ते पुस्तक हेच, असे मला वाटते.

आनंदाचे वडील, म्हणजे दादा, त्याला शाळेतून काढून शेतावर जुंपतात. आईलाही मार चुकत नाही. शाळेचे नाव काढले की दादा खवळतात, म्हणून मायलेक दोघेही गप्प. पण मळ्यात राबून हाती काही लागणार नाही, शिकलो तर नोकरी मिळेल, एवढे पोराला कळले आहे. शेवटी दोघे रात्री दत्ताजीराव देसायांच्या घरी जातात. दादा दिवसभर कुठे असतात आणि पोराला कामाला का लावतात, हे आई त्यांना सांगते. आम्ही येऊन गेलो हे मात्र कळू देऊ नका, अशी विनवणीही करते. देसाई निमित्त काढून दादांना बोलावतात, पोरालाही मागाहून यायला सांगतात. कानउघाडणी सुरू होताच दादा पोरालाच आरोपी करतात: चारा विकतो, सिनेमा बघतो, जुगार खेळतो, कामात लक्ष नाही. मारणाऱ्या बापाची ही कैफियत सगळीकडे सारखीच असते. ‘पोर बिघडलंय’ म्हटले की हात उगारायला परवाना मिळतो. देसाई फसत नाहीत. दादा शाळेला होकार देतात, पण अटी घालून: उजाडताच मळ्यात पाणी पाजायचे, तिथूनच शाळा गाठायची, सुटल्यावर गुरे चारायची आणि शेतात काम निघाले तर शाळा बुडवायची.

आता इतिहासाकडे पाहू. कागलच्याच घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुलाच्या शिक्षणावर बापापलीकडे राज्याचाही अधिकार आहे, हे यात मान्य झाले. आनंदाचा जन्म त्यानंतर अठरा वर्षांनी झाला, तरी त्याच्या आईला चावडी किंवा कचेरी सुचली नाही. बापाहून वजनदार असा एक माणूस तिला शोधावा लागला. राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कुणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. घरात राजाही बापच असतो.

आपल्या बीदर-गुलबर्ग्याकडे हे आणखी अवघड होते. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरी उर्दूची होती, 1918 मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर कारभार कन्नडचा झाला. या सगळ्यात मराठी टिकली ती मुख्यतः घरात. त्यामुळे घराची अब्रू आणि भाषेची अब्रू आपल्याकडे एकच होऊन बसली. घरातले उणे बाहेर सांगणे म्हणजे समाजाला खाली पाहायला लावणे, असे आपण मानत आलो. भालकीत, औरादमध्ये, बसवकल्याणात, आळंदमध्ये हे मौन शिस्त आणि संस्कार या नावांनी जपले गेले.

आळंदला लागून असलेल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांनी ‘अक्करमाशी’त (1984) दुसऱ्या तऱ्हेचा बाप दाखवला: पाटील असलेला, दलित आईच्या पोटच्या मुलाला आपला न म्हणणारा. तिथे जातीची सत्ता आणि बापाची सत्ता एकत्र येते. आनंदाच्या आईला निदान ठोठावायला एक दार होते. ‘अक्करमाशी’तल्या आईने कुठे जावे? दार तर त्या पाटलाचेच.

म्हणून ‘झोंबी’ केवळ गरिबीची किंवा शिक्षणासाठीच्या धडपडीची कथा म्हणून वाचणे अपुरे आहे. पुढे सौंदलगेकर मास्तर आनंदाला कवितेची गोडी लावतात, गुरे चारताना तो म्हशीच्या पाठीवर काठीने ओळी लिहितो, हे आपल्याला आवडते. कारण शेवट गोड आहे. यादव पुणे विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख झाले. पण मारामुळे ते मोठे झाले नाहीत. आई उंबरठा ओलांडून बोलली, एका गृहस्थाने ऐकून घेतले आणि एका मास्तरांनी जवळ केले, म्हणून ते वाचले.

या कादंबरीतला हाच भाग ‘जूझ’ या नावाने हिंदीत गेला आणि सीबीएसईच्या बारावीच्या पाठ्यपुस्तकात आला. मराठी न वाचणारी आपली नातवंडे कदाचित तिथेच आनंदाला भेटली असतील. त्यांनी काय वाचले, हे आपण विचारावे.

2015 च्या बाल न्याय कायद्यात, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेली क्रूरता शिक्षेस पात्र आहे, मग तो पालक का असेना. 1098 हा क्रमांक मुलाला स्वतःला फिरवता येतो. पण आजही पहिली हाक बहुधा शेजारी, आत्या-मामा, मास्तर यांनाच जाते. या सभागृहातली पुष्कळ घराणी देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांची आहेत. अशा आया रात्री ज्यांच्या दारी यायच्या, ती दारे आपलीच होती. आलेल्या बाईला आपल्या वाडवडिलांनी काय सांगितले, याची नोंद वतनाच्या कागदांत सापडत नाही. ज्यांच्या घरी तशा आठवणी सांगणारे कुणी वडीलधारे अजून आहे, त्यांनी त्या विचारून लिहून ठेवाव्यात, एवढी विनंती करून थांबतो.