वंशावळीचा पुरावा : व्हिक्टर मॅक्युसिक व लँकेस्टरचे आमिश

इ. स. १९६४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या बुलेटिनात व्हिक्टर मॅक्युसिक (१९२१–२००८) व त्यांचे सहकारी यांचा आमिश लोकांतील खुजेपणावरील निबंध प्रसिद्ध झाला. वैद्यकीय अनुवंशशास्त्राच्या इतिहासात त्याचे स्थान सर्वमान्य आहे. परंतु तो ज्या साधनावर उभा आहे ते साधन इतिहासाभ्यासकाच्या नित्य परिचयाचे आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ते साधन म्हणजे वंशावळ होय.

मॅक्युसिक मूळचे हृद्रोगतज्ज्ञ. मार्फान विकाराचे रुग्ण तपासता तपासता ते आनुवंशिक विकारांकडे वळले आणि १९५७ मध्ये बाल्टिमोर येथील हॉपकिन्समध्ये वैद्यकीय अनुवंशशास्त्राचा विभाग त्यांनी स्थापन केला. आमिशांकडे त्यांचे लक्ष वेधले ते एका हस्तलिखितामुळे. आमिश कुटुंबातच वाढलेले समाजशास्त्रज्ञ जॉन हॉस्टेटलर यांचा या समाजावरील ग्रंथ (तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला) हॉपकिन्सच्या प्रकाशन संस्थेकडे आला असता अभिप्रायार्थ मॅक्युसिक यांच्या हाती पडला.

आमिश हा १६९३ च्या सुमारास याकोब अमान यांच्या अनुयायांतून निर्माण झालेला ख्रिस्ती पंथ. अठराव्या शतकात त्यांतील काही कुटुंबे युरोप सोडून पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाली. पंथाबाहेर विवाह नाही आणि बाहेरचे लोक पंथात क्वचितच येतात. सख्ख्या चुलत-मावस भावंडांचा विवाह मात्र त्यांच्यात निषिद्ध आहे, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. विकाराचे मूळ जवळच्या नात्यातील विवाहात नसून मूळ पुरुषांच्या अल्पसंख्येत शोधावे लागते.

रिचर्ड एलिस व सायमन व्हॅन क्रेव्हेल्ड या बालरोगतज्ज्ञांनी १९४० मध्ये वर्णिलेल्या विकारात हातपाय आखूड राहतात, हातास सहावे बोट असते आणि पुष्कळदा हृदयही सदोष असते. तो अप्रभावी जनुकाचा विकार होय : दोष एकाच पालकाकडून आल्यास व्यक्ती निरोगी राहते, दोघांकडून आल्यास विकार प्रकट होतो. तोवरच्या साऱ्या वैद्यकीय वाङ्मयात जितके रुग्ण नोंदले गेले होते, जवळजवळ तितकेच एकट्या लँकेस्टर परगण्यात आढळले. पुष्कळ अर्भके थोड्याच काळात दगावत. हयात रुग्णांच्या पाहणीत ती येणार नाहीत, ती कुटुंबाच्या स्मृतीत व नोंदवहीतच शोधावी लागतात. आमिशांतील सगळे खुजे लोक मात्र याच विकाराचे नव्हते. विरळ, बारीक केस असलेल्यांचा विकार निराळा असल्याचे मॅक्युसिक यांनी १९६५ मध्ये दाखविले.

रुग्णांच्या मातापित्यांच्या वंशावळी मागे नेता नेता त्या सर्व १७४४ मध्ये आलेल्या सॅम्युअल किंग व त्यांच्या पत्नी यांच्यापाशी येऊन मिळाल्या. वंशावळ बहुधा हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिली जाते, म्हणून इतिहासकार तिच्याकडे संशयाने पाहतो. आमिशांच्या छापील वंशग्रंथांमागे मुख्यतः पूर्वजांचे स्मरण होते. खुजेपणाचा उगम सिद्ध करण्यात कोणाचेच हित गुंतलेले नव्हते. साधन म्हणून त्यांचे मोल वाढते ते यामुळे.

तरीही एक शंका उरते, आणि ती वाजवी आहे. लहानशा बंदिस्त समाजात जे जोडपे सर्व रुग्णांचे पूर्वज, तेच असंख्य निरोगी माणसांचेही पूर्वज असणार. तेव्हा समान पूर्वज सापडणे हा स्वतःच पुरावा ठरत नाही. इतर आमिश वसाहती सोडून हा विकार जवळजवळ सर्वस्वी लँकेस्टरपुरताच असणे, ही अनुमानाची दुसरी आणि अधिक भक्कम बाजू होय. पुढे २००० मध्ये या विकाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर सापडले आणि आमिश कुटुंबातील त्या जनुकातला बदलही निश्चित झाला. तो दोष किंग यांच्याकडून आला की त्यांच्या पत्नीकडून, हे मात्र त्या परीक्षेनेही ठरलेले नाही.