बांधा, ठेवण आणि संरचना

तुमच्या घरातला शाळकरी नातू 'संरचना' हा शब्द बिनचूक लिहितो. परमाणूची संरचना, समाजाची संरचना, शरीराचीही संरचनाच. त्याच घरातली आजी एवढ्यासाठी चार शब्द वापरते: माणसाचा बांधा, चेहऱ्याची ठेवण, दागिन्याची घडण, घराची बांधणी. यांची अदलाबदल तिच्या तोंडून होत नाही. दागिन्याचा बांधा ती कधी म्हणणार नाही.

हे अंतर पडायला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्यप्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा इकडेच राहिला, आणि त्यासोबत पांढुर्णा-सौंसरची मराठी घरेही. तोवर नागपूर आपली राजधानी होती, हिंदी-मराठी शेजारी नांदत होत्या. तिथेच डॉ. रघुवीर संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय जोडून साऱ्या भारतीय भाषांना चालतील असे पारिभाषिक शब्द घडवत होते. 'संरचना' त्याच वळणाचा शब्द. महाराष्ट्रातही तो आहे. संरचनावादावर मराठीत लिहिले गेले आहे. पण तिकडे तो घरच्या शब्दांच्या जोडीला आला. आपल्याकडे शिक्षण बहुतेक हिंदीत गेल्यामुळे तो त्यांच्या जागी बसला.

इंग्रजी 'स्ट्रक्चर'चे मूळ लॅटिन 'स्ट्रुएरे', म्हणजे थरावर थर ठेवणे. आपण कडबा रचतो, संत्र्याच्या पेट्या रचतो, ते हेच. तेव्हा नुसती 'रचना' पुरेशी होती. पुढच्या 'सं'वाचून फारसे अडले नसते, असे माझे मत.

'घटने'ची तर गंमतच. मराठीत राज्यघटना म्हणजे राज्याची बांधणी. हिंदीत घटना म्हणजे घडलेला प्रसंग, बातमीत तर बहुधा वाईटच. आजोबा 'बाबासाहेबांची घटना' म्हणाले की हिंदीत शिकलेले पोर विचारते, काय झालं?

आम्हा जैनांच्या परंपरेत हा भेद फार बारकाईने केलेला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात नामकर्माच्या भेदांमध्ये संस्थान आणि संहनन वेगवेगळे सांगितले आहेत. संस्थान म्हटले की आज राजेरजवाडे नाहीतर देवस्थान आठवते. तिथे मात्र अर्थ आहे देहाची आकृती. संहनन म्हणजे हाडांच्या जोडणीची बळकटी. दोन्हींचे सहा-सहा प्रकार मानले आहेत. प्रमाणबद्ध देह तो समचतुरस्र संस्थानाचा, आणि सर्वांत पक्की जोडणी ती वज्रऋषभनाराच संहननाची. चरकानेही रोग्याच्या दशविध परीक्षेत संहनन स्वतंत्र ठेवले आहे. दिसायला नाजूक माणूस आतून चिवट असू शकतो, हे या मंडळींना ठाऊक होते.

आजीलाही ठाऊक आहे. दवाखान्यात ती सांगते, "डॉक्टरसाहेब, पोरगी अंगकाठीनं बारीक आहे, पण हाडापेरानं पक्की आहे." सोबत आलेला नातू त्याचे हिंदी करतो: "शरीर की संरचना कमज़ोर है।" आजीच्या एका वाक्यात मला प्रकृतीचा निम्मा अंदाज येतो. नातवाचे ऐकून मला पुन्हा आजीकडेच वळावे लागते.