खेळातली गावे का ओस पडतात?



दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्याकडे अंगणाच्या कोपऱ्यात मुलांची गर्दी होते. कुणी विटा आणतो, कुणी फाटके पोते, कुणी घमेलेभर माती. बुरूज कुठे नि दरवाजा कुठे, यावरून भांडणे होतात आणि त्या भांडणांतूनच किल्ला उभा राहतो. हळीव पेरून त्यावर हिरवळ उगवतात. मातीचे मावळे पहाऱ्याला बसतात, वरती महाराज विराजमान होतात. चार दिवस कौतुक होते. मग किल्ला तसाच पडून राहतो, कोंबड्या त्यावर चढतात आणि एके दिवशी आई खराट्याने तो कोपरा साफ करते. पोरांना त्याचे काही वाटत नाही. ज्याच्यापायी तहानभूक विसरली होती, त्याच्याकडे आता ती ढुंकूनही बघत नाहीत.

असे का व्हावे? पोरे चंचल असतात, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मला हा प्रश्न तेवढ्यावर सोडवत नाही. कारण गेल्या तीस वर्षांत जगभरच्या माणसांनी मातीवाचून आणि विटांवाचून, संगणकाच्या पडद्यावर असेच किल्ले बांधले. निरनिराळ्या देशांत बसलेली हजारो माणसे एकाच वेळी एकाच जागेत घरे बांधीत होती, रस्ते आखीत होती, शेजारधर्म पाळीत होती. त्यांतली काही गावे नांदती राहिली, काही पार ओस पडली. त्यात थोर मोठी, शिकलीसवरलेली माणसेही होती. तेव्हा दोष एकट्या पोरांच्या चंचलपणाचा नव्हे. तुम्ही म्हणाल, खेळाचा कसला आला आहे इतिहास? पण गाव वसते कसे आणि उठते कसे, हे जर इतिहासात शिकायचे, तर ही खेळगावे चांगला धडा देतात.

पहिली गोष्ट १९९५ सालची. अमेरिकेतल्या एका कंपनीने त्या वर्षाच्या जून महिन्यात ‘अल्फावर्ल्ड’ नावाचे एक जग इंटरनेटवर खुले केले. आत शिरणाऱ्याला पडद्यावर एक बाहुले मिळे. तेच त्याचे रूप. ते बाहुले चालवीत तो हिंडायचा, भेटेल त्याच्याशी अक्षरे टंकून बोलायचा. आणि मोकळी जागा सापडली की तिथे घर बांधायचा. जमीन फुकट, सामान फुकट. एकाने बांधलेल्या जागेवर दुसऱ्याने बांधायचे नाही, एवढाच मुख्य नियम.

आणि जमीन तरी किती? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६५५ किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख २९ हजार चौरस किलोमीटर. आपला सबंध महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. यावरून अंदाज करा. लोक तुटून पडले. मधोमध जिथे नवा माणूस उतरे, त्या जागेभोवती दाट वस्ती झाली. त्या वस्तीचा वरून काढलेला नकाशा मोठा बोलका आहे. मध्ये दाटी आणि तिथून चहूकडे पसरलेले चांदणीसारखे फाटे. हे फाटे कुणी आखले नव्हते. जागेचा पत्ता आकड्यांत असे, आणि लक्षात ठेवायला सोपे आकडे जिथे जुळत, तिथे माणसांनी घरे बांधली होती. खेड्यात पाणवठा पाहून वस्ती होते, तशी इथे आकडा पाहून झाली.

पुढे काय झाले? वर्षे गेली, दुसरी नवी आकर्षणे आली, वर्गणी लागू झाली आणि माणसे तुरळक झाली. घरे मात्र राहिली. पडद्यावरच्या घराला वाळवी लागत नाही. पावसात भिंत खचत नाही, छपरावर गवत उगवत नाही. मालक दहा वर्षे फिरकला नाही तरी घर जसेच्या तसे उभे. म्हणून नव्या माणसाला मोक्याची जागा मिळायची नाही. ती मिळायची दूर कुठेतरी, जिथे शेजार नाही. आणि जुन्या वस्तीत गेले तर दारे उघडी, बागा फुललेल्या, पण माणूस नाही. बांधलेले सगळे राहिले आणि बांधणारे तेवढे गेले.

दुसरी गोष्ट निराळी आहे. डेन्मार्क देशातल्या लेगो कंपनीचे एकमेकांत बसणारे ठोकळे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्या कंपनीने २०१० च्या ऑक्टोबरात ‘लेगो युनिव्हर्स’ हा संगणकावरचा खेळ काढला. जगभरच्या मुलांनी एकत्र येऊन ठोकळ्यांची रचना करावी, ही कल्पना. नाव मोठे, पैसा मोठा. पण लहान मुलांचा मामला. एखादा वात्रट काहीतरी अभद्र रचून ठेवायचा! म्हणून मुलांनी बांधलेली वस्तू इतरांना दिसण्याआधी माणसांकडून तपासून घ्यावी लागे, आणि तो खर्च फार भारी होता, असे त्या खेळावर काम केलेल्या मंडळींनी पुढे सांगितले. पैसे भरून खेळणारे पुरेसे मिळेनात. २०१२ च्या जानेवारीअखेर खेळ बंद झाला. ज्या संगणकांवर ते जग साठवलेले होते, म्हणजे ज्यांना सर्व्हर म्हणतात, ते बंद केल्याबरोबर मुलांनी बांधलेले सारे नाहीसे झाले. इथे उलटे घडले पाहा. काही मुलांचे मन अजून लागलेले होते, आणि गावच उठले.

आता तिसरी गोष्ट. ही आज घरोघर ठाऊक आहे. २००९ च्या वसंतात अमेरिकेतल्या झॅकरी बार्थ या तरुणाने ‘इन्फिनिमायनर’ नावाचा खेळ केला. दोन पक्षांनी जमीन खणायची, खनिजे काढायची आणि एकमेकांवर मात करायची, असा तो डाव. पण खेळणाऱ्यांनी लढाई बाजूला ठेवली आणि निघालेल्या ठोकळ्यांची घरे बांधायला सुरुवात केली. कर्त्याने दिली कुदळ, लोकांनी धरली थापी! तो खेळ स्वीडनच्या मार्कुस पेर्सन याने पाहिला. हा गृहस्थ तिशीच्या उंबरठ्यावर, नोकरी सांभाळून फावल्या वेळात खेळ करणारा. त्याने त्याच साली मे महिन्यात आपल्या खेळाचा पहिला कच्चा खर्डा लोकांपुढे ठेवला. तोच माइनक्राफ्ट.

या खेळात डोंगर, झाडे, पाणी, सगळे चौकोनी ठोकळ्यांचे. कुठलाही ठोकळा उपटा आणि कुठेही लावा. दिवस मावळला की भुतेखेते हिंडू लागतात, म्हणून अंधार पडण्याआधी निवारा उभा केला पाहिजे. खेळणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या रात्रीची ती मातीची झोपडी त्याला आठवत असते. पुढे तो वाडे बांधतो, मनोरे बांधतो, पण त्या झोपडीची सर त्यांना येत नाही.

इथेच मन उठण्याचे पहिले कारण सापडते. झोपडीला गरज होती. बाहेर भय होते, जवळ काही नव्हते, आणि दोघे मित्र एका खोपटात रात्र काढीत होते. पुढे लोखंड मिळाले, हिरे मिळाले, तटबंदी झाली. मग भय नाही आणि गरजही नाही. कोठार भरले की बांधण्याचे निमित्तच संपते. दुसरे कारण सोबतीचे. चौघांनी मिळून बांधलेल्या गावात एकजण येईनासा झाला की दुसरा चुकार होतो, तिसरा चौकशी करतो आणि चौथा एकटा काही दिवस अंगणात हिंडून आपणही दिवा मालवतो. आणि तिसरे कारण असे, की खेळ कर्तव्य होऊन बसतो. गंमत म्हणून धरलेली गोष्ट ओझे होते.

या तिसऱ्या कारणाची साक्ष खुद्द कर्त्यानेच दिली. २०११ च्या नोव्हेंबरात माइनक्राफ्टची पूर्ण आवृत्ती निघाली, आणि पुढच्याच महिन्यात पेर्सनने खेळाची मुख्य सूत्रे येन्स बर्गेनस्टेन या आपल्या सहकाऱ्याकडे सोपवली. २०१४ च्या जूनमध्ये लोकांच्या टीकेला कंटाळून त्याने जाहीरपणे विचारले, माझा हिस्सा कुणी विकत घेता का? सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले. तेव्हाच्या भावाने सुमारे १५ हजार कोटी रुपये होतात. निरोपाच्या पत्रात पेर्सनने लिहिले त्याचा आशय असा, की आपण गंमत म्हणून खेळ करतो, एवढ्या प्रचंड गोष्टीची जबाबदारी आपल्याला पेलवत नाही. ज्याने हे जग निर्माण केले, त्याचेच मन त्यातून उठले होते.

मग हा खेळ का ओस पडला नाही? २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटी प्रती विकल्या गेल्या. मला वाटते, याची दोन कारणे आहेत. एक, कर्त्याने वेळेवर किल्ल्या दुसऱ्याच्या हाती दिल्या. घरातला म्हातारा कारभार सोडीत नाही, तेव्हा काय होते, हे तुम्हां खेड्यातल्या मंडळींना मी सांगायला नको. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. या खेळात जग एकच नसते. नवा डाव मांडला की यंत्र एका आकड्यापासून नवी भूमी घडवते. त्या आकड्याला खेळाडू ‘बी’ म्हणतात. शेतकऱ्याला पटावा असाच हा शब्द! तेच बी घातले तर तेच डोंगर नि त्याच नद्या उगवतात. दुसरे घातले तर सारेच निराळे. जुन्या जगाचा कंटाळा आला की मंडळी नवे बी पेरतात. पुष्कळ सर्व्हरांवर तर ठरावीक काळाने जुने जग बाजूला ठेवून कोऱ्या जमिनीवर पुन्हा आरंभ करतात, आणि पांगलेली माणसे त्या पहिल्या झोपडीसाठी परत येतात. अल्फावर्ल्डच्या कायम टिकणाऱ्या वाड्यांनी जे साधले नाही, ते या मोडण्याने साधले.

शिक्षक मंडळींसाठी आणखी दोन दाखले. २०१३ च्या सुमारास स्टॉकहोममधल्या एका शाळेने तेरा वर्षांच्या मुलांना माइनक्राफ्टचे तास सक्तीचे केले. नगररचना, पर्यावरण, एकत्र काम, हे मुलांनी त्यातून शिकावे, असा हेतू. आणि २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने हाच खेळ गरीब वस्त्यांत नेला. नैरोबी शहरातल्या किबेरा वस्तीत तिथल्याच रहिवाशांनी आपले क्रीडांगण कसे असावे, ते पडद्यावर ठोकळे लावून दाखवले. ज्यांना नकाशा वाचता येत नव्हता, त्यांना ठोकळा कळला. त्यांतल्या कुणाचे मन पुढे त्या खेळात राहिले असेल, नसेल. पण खेळ संपला म्हणून शिकलेले वाया गेले, असे कोण म्हणेल?

आता घराकडे वळू. टाळेबंदीच्या २०२० सालात शाळा बंद, अंगणे बंद. कित्येक मुलांना या असल्या खेळांतच मित्र भेटले. मग शाळा उघडल्या आणि त्यांतल्या पुष्कळांनी तो नाद सोडला. आईबाप म्हणतात, बरे झाले, सुटला एकदाचा. तसे म्हणायला हरकत नाही. पण एक गोष्ट विसरू नका. एकाचे मन उठते, तेव्हा दुसऱ्याचे कधीकधी अजून लागलेले असते. तो तिकडे रोज वाट पाहतो. जाणाऱ्याने न सांगता जावे, हे अंगणातही बरे नव्हे आणि पडद्यावरही बरे नव्हे. मुलाने खेळ सोडला म्हणून त्याला रागावू नका. फक्त विचारा, कुणाबरोबर खेळत होतास रे? त्याला सांगितलेस का? हा एवढा प्रश्न त्याला पुष्कळ शिकवील.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरेल, तेव्हा मुलांना आपापल्या किल्ल्याविषयी दहा ओळी लिहायला सांगा. किल्ला किती उंच झाला, हे नको. माती कुणी आणली, भांडण कशावरून झाले, बुरूज ढासळला तेव्हा कोण धावला, आणि शेवटी किल्ला कुणी मोडला, हे लिहू द्या. आणि ज्यांनी बांधला, त्यांनीच मिळून तो मोडावा, अशी पुढच्या वर्षापासून रीत घाला. विटा नीट रचून ठेवाव्यात, मावळे पुसून डब्यात घालावेत, माती परसात टाकावी. कोपरा मोकळा राहिला, तरच पुढच्या अश्विनात तिथे पुन्हा माती कालवता येईल.