कोर्लईच्या चर्चची बोली

रेवदंड्याहून मुरूडच्या रस्त्याला लागलं, की कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडताच उजव्या हाताला समुद्रात घुसलेला एक डोंगर दिसतो. तोच कोर्लईचा किल्ला. पायथ्याच्या गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे. रायगड जिल्ह्यातल्या या खेड्याची गोष्ट मात्र चर्चच्या भिंतींत नाही, तिथल्या माणसांच्या तोंडी आहे.

समोरच्या रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ साली किल्ला बांधायला घेतला. खाडीच्या अलीकडचा हा डोंगर निजामशाहीच्या ताब्यात होता. तिथून तोफा डागल्या की पोर्तुगीजांचं बंदर धोक्यात येई. सप्टेंबर १५९४ मध्ये मोठी लढाई होऊन डोंगर पोर्तुगीजांकडे गेला. शिबंदी आली, पाद्री आले, आणि पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती रुजली.

पुढे मराठ्यांनी उत्तर कोकणात मोहीम काढली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच मोहिमेचा वेढा इकडे पडला आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेले. अधिकारी आणि पैसेवाले जहाजांत बसून निघून गेले. ज्यांना जायला ठिकाण नव्हतं, ती गरीब माणसं इथंच राहिली.

वसईच्या विजयाचा अभिमान आपल्याला आहे आणि तो योग्यच आहे. पण मागे राहिलेल्या या माणसांचं काय झालं, हे आपण क्वचितच विचारतो.

त्यांनी शेती केली, आणि आपली बोली सोडली नाही. पोर्तुगीज शब्दांची पण बरीचशी मराठी वळणाची ही बोली. तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. लग्नं आपल्यातच होत, शेजारी हिंदू नि मुसलमान, आणि प्रार्थनेतून पोर्तुगीज कानावर पडत राही. त्यामुळे राजवट गेली तरी घरातली भाषा टिकली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ साली पुस्तकच लिहिलं.

आपणही पाव, चावी, बटाटा, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच घेतले. आपण शब्द घेतले. कोर्लईकरांनी त्यांवर संसार उभा केला.

आज हे बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास आहेत. चर्चमधली उपासना मराठीत होते, शाळा मराठीत आहे, पोरं नोकरीसाठी बाहेर पडतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे झाडीबोली बोलणाऱ्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. घरातली बोली पोरांना शाळेत लाजिरवाणी वाटू लागली, की तिची उतरण सुरू होते.

पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या तोफांना जी बोली पुसता आली नाही, ती आपल्या दुर्लक्षाने पुसली जाऊ नये. कधी किल्ला पाहायला गेलात, तर उतरताना गावातही थोडं थांबा. कुणा आजीबाईंना त्यांच्या भाषेत चार शब्द बोलायला सांगा, आणि नुसतं ऐका.