वाकड्या वाटेने जाणारा प्रकाश

प्रकाश सरळ रेषेत जातो, असे आपण वर्गात शिकवतो. मग आतड्याच्या वळणांमध्ये डॉक्टरांना दिसते तरी कसे?

१८०६ साली फ्रँकफर्टच्या डॉ. फिलिप बोझिनी यांनी मेणबत्ती, आरसा आणि नळी जोडून शरीरात डोकावण्याचे साधन तयार केले. पण नळी ताठ; वळण आले की नजर थांबे. उत्तर मिळाले ते पाण्याच्या धारेतून. वाकणाऱ्या धारेबरोबर प्रकाशही वाकतो, हा प्रयोग डॅनिएल कोलाडन यांनी १८४२ साली प्रसिद्ध केला. धारेच्या कडेवर प्रकाश सुमारे ४९ अंशांहून मोठ्या कोनाने आदळला, तर तो बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. बाटली, खिळा आणि टॉर्च एवढ्यावर हा प्रयोग बेगडेवाडीच्या शाळेतही करता येईल.

पाण्याच्या जागी काच आली. १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी हजारो काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवले. तीन वर्षांत बेसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत लवचीक दुर्बीण बनवली.

याचा गुदाशयाच्या कर्करोगाशी संबंध काय? १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी वर्णन केलेल्या शस्त्रक्रियेत गुदद्वारासह सारा भाग काढावा लागे. रुग्ण वाचला तरी शौचासाठी पोटावर कायमचे छिद्र राही. हा कर्करोग बहुधा साध्या कोंबापासून, अनेक वर्षांत वाढतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, विजेच्या प्रवाहाने असा कोंब कापला. १९८३ साली जर्मनीत गेरहार्ड ब्यूस यांनी गुदद्वारातूनच लहान गाठी काढण्याची पद्धत सुरू केली.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ साली पोटाची दुर्बीण वापरायला घेतली आणि १९९० साली तिच्या साहाय्याने पित्ताशय काढले. पुढे आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियाही अशाच होऊ लागल्या.

शस्त्रक्रियेनंतरच्या अडचणींतही दुर्बीण उपयोगी पडते. जोड आकसला तर आत फुगा फुगवून तो रुंद करतात. जोड गळू लागला तर निवडक रुग्णांत स्पंज बसवून पू शोषून घेतात. मात्र केवळ दुर्बिणीने काम भागते ते गाठ वरच्या थरांत असेपर्यंतच. खोल गेलेल्या गाठीला मोठी शस्त्रक्रिया आणि अनेकदा किरणोपचार व औषधेही लागतात.

म्हणून वेळ महत्त्वाचा. बेगडेवाडीहून लोकलने पुणे तासाभराच्या आत येते. पण शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचेच असणार, असे मानून लाजेपोटी महिने निघून जातात. परावर्तनाचा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना एवढे जरूर सांगावे, म्हणजे ते घरापर्यंत पोहोचेल.